सर्व्हर हँग झाला? बटण दाबण्याआधी घड्याळ तपासा

रात्री साडेअकराला नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यातून फोन आला. "सर, स्क्रीन दिसतेय, पण काहीच हलत नाहीये." मी सिडकोत राहतो, दहा मिनिटांत पोचलो. पंखे चालू, दिवे चालू, पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला, उत्तर येत होतं. पण एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, लॉगिन केलं की पासवर्डनंतर सगळं थांबायचं. समोरच्या कीबोर्डवर एंटर दाबला की अडकलेल्या दोन-तीन ओळी पुढे सरकायच्या. बोट उचललं की पुन्हा सामसूम. पुन्हा एंटर, पुन्हा दोन ओळी. शेवटी मी पॉवरचं बटण दाबून धरलं, मशीन बंद-चालू केलं आणि घरी आलो.

पाच दिवसांनी पुन्हा तेच. रॅम बदलली, मग डिस्क, मग वीज पुरवणारा एसएमपीएस. दीड महिना असा गेला. दोष शेवटी टायमरमध्ये निघाला. प्रोसेसर गाढ झोपेत गेला की त्याला उठवणारा गजरच बंद पडत होता, आणि कीबोर्डचा धक्का बसला की तो क्षणभर जागा व्हायचा. म्हणजे सगळं निदान पहिल्याच रात्री एंटरच्या बटणाखाली होतं. मला ते वाचता आलं नाही, आणि रीस्टार्ट करून मी दर वेळी पुरावा पुसत राहिलो.

सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत आणि पिंपळगावच्या कांदा-द्राक्ष व्यापाऱ्यांच्या ऑफिसात एकट्यानं लिनक्सचा सर्व्हर सांभाळणारी बरीच मुलं मला भेटतात. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या स्पेलिंगनेच टाइप करायच्या.

जवळ काय हवं

- वही, पेन आणि मोबाइल. सर्व्हरच्या घड्याळावरच संशय असताना वेळेसाठी त्याची साक्ष चालत नाही.
- सर्व्हरला थेट जोडलेला कीबोर्ड-मॉनिटर, किंवा आयपीएमआयसारखा रिमोट कन्सोल. एसएसएचवर अवलंबून राहू नका.
- रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड, कागदावर आणि कुलपात.
- सीआर २०३२ ही नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी आणि साधा मल्टिमीटर. एम. जी. रोडला सहज मिळतात.
- कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि बीआयओएस (मदरबोर्डवरचा, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) यांच्या आवृत्त्या, आणि गेल्या महिन्यात मशीनवर काय बदललं याची नोंद.

१. हात मागे, वही पुढे

मशीन अडकलेलं असतानाची पहिली दहा मिनिटं सर्वांत मोलाची. मॅनेजर मागे उभे असतील, पाळी थांबलेली असेल, तरी दहा मिनिटं मागून घ्या.

मोबाइलवरची वेळ लिहा. स्क्रीनचा फोटो काढा. नमलॉक दाबून दिवा बदलतो का बघा. बदलत असेल तर कर्नल निदान काही अंशी जिवंत आहे. पिंग करा. मग कीबोर्डवरचं कोणतंही बटण दाबून धरा किंवा माउस हलवा, आणि त्यामुळे काही पुढे सरकतं का ते नीट बघा. सरकत असेल तर थेट पायरी ३ वर जा.

त्यानंतर मॅजिक सिस्आरक्यू, म्हणजे अडकलेल्या कर्नललाही कीबोर्डवरून थेट हुकूम द्यायची सोय. ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून 'एल' दाबलं की प्रोसेसरचा प्रत्येक कोअर काय करतोय ते कन्सोलवर येतं. 'डब्ल्यू' दाबलं की अडकून बसलेली कामं दिसतात. पुन्हा फोटो. बंद करणं भागच असेल तर याच पद्धतीने 'एस', 'यू', 'बी' या क्रमाने दाबा. डिस्कवरचं लिखाण पूर्ण होतं, फाइलसिस्टम केवळ-वाचन होते आणि मग मशीन रीबूट होतं. पॉवरचं बटण दाबून धरण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

यातली मेख अशी की लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत सिस्आरक्यू अर्धवटच चालू असतं. 'सिस्कंट्रोल'मध्ये 'कर्नल डॉट सिस्आरक्यू'ची किंमत १ करून ठेवणं हे आजचं काम आहे, हँग झाल्यावरचं नाही. तसंच 'नेटकन्सोल' लावून कर्नलचे संदेश शेजारच्या मशीनवर पाठवा, कारण अडकलेलं मशीन शेवटची ओळ डिस्कवर लिहीलच याची खात्री नसते.

२. तीन घड्याळं वेगळी ओळखा

हे समजलं की निम्मं काम झालं. सर्व्हरमध्ये वेळेची तीन वेगवेगळी कामं चालतात.

पहिलं काम तारखेचं: आज कोणता दिवस, किती वाजले. ते पुढे-मागे सरकवता येतं. माणूस सरकवतो किंवा एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत. दुसरं मोजणीचं: बूट झाल्यापासून किती नॅनोसेकंद गेले. ही मोजणी कधी मागे जाता कामा नये. तिसरं गजराचं: "एवढ्या वेळाने मला उठव" म्हटलं की तेवढ्या वेळाने प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे जागं करणारा धक्का, देणं. तिघांचे आजार वेगळे आणि औषधंही वेगळी. मी दीड महिना गजराच्या आजारावर तारखेचं औषध देत होतो, म्हणजे एनटीपीची सेटिंग बदलत होतो.

कोणतं घड्याळ बिघडलं हे नोंदींवरून काढता येतं, पण मशीन आपोआप सुटलं असेल तरच. रीस्टार्ट केलं की मोजणी शून्यापासून सुरू होते. 'जर्नलकंट्रोल' दोनदा चालवा, एकदा नेहमीसारखं आणि एकदा आउटपुटचा प्रकार 'शॉर्ट-मोनोटॉनिक' देऊन. अडकण्याआधीची शेवटची ओळ आणि सुटल्यानंतरची पहिली ओळ शोधा आणि मधलं अंतर तीन घड्याळांवर मोजा: तारखेवर, मोजणीवर आणि वहीतल्या मोबाइलच्या वेळेवर.

तिन्हीकडे बारा मिनिटं आली तर मशीन खरंच बारा मिनिटं अडकलं होतं आणि मोजणी चालू होती. गजर किंवा डिस्क बघा. तारखेत साडेपाच तासांची उडी आणि मोजणीत फक्त चार सेकंद गेले असतील तर कोणी तरी तारीख हलवली, पायरी ५. वहीत बारा मिनिटं, पण सर्व्हरच्या दोन्ही नोंदींत जेमतेम एखादा सेकंद असेल तर मोजणीच थांबली होती. पायरी ४ किंवा ६.

३. गजर वाजतोय का?

सर्वांत साधी चाचणी म्हणजे 'टाइम स्लीप १' टाइप करून एंटर दाबायचं. सेकंदभरात प्रॉम्प्ट परत आला पाहिजे. आला नाही आणि कुठलंही बटण दाबल्यावर आला, तर चोर सापडला.

पण ही चाचणी एकाच कोअरवर होते, आणि आजारी कोअर दुसराच असू शकतो. म्हणून 'टास्कसेट मायनस सी' वापरून कोअर ०, १, २ असं प्रत्येकावर 'स्लीप १' वेगळं चालवा. आमच्याकडे आठपैकी तीन नंबरचा कोअर अडकत होता. लॉगिन त्या कोअरवर पडलं की अडकायचं, दुसरीकडे पडलं की सुरळीत. "कधी होतं, कधी होत नाही" या तक्रारीचं कारण एवढंच होतं.

मग 'प्रोक'मधली 'इंटरप्ट्स' फाइल दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा बघा. 'एलओसी' ही स्थानिक टायमरची ओळ. कोअर कामात असूनही त्याचा आकडा हलत नसेल तर त्याचा गजर बंद आहे. इथे नवखे हमखास फसतात. आजचं कर्नल रिकाम्या कोअरला उगाच उठवत नाही, त्यामुळे रिकाम्या कोअरचा आकडा हळू वाढणं हा आजार नाही. आधी त्या कोअरला 'टास्कसेट'ने 'यस'चं आउटपुट 'डेव्ह-नल'मध्ये सोडण्याचं काम द्या, मग आकडा बघा.

हाच 'यस' दुसऱ्या कामालाही येतो. प्रत्येक कोअरवर रात्रभर 'यस' चालू ठेवा. कोअर कामात असला की गाढ झोपेत, म्हणजे खोल सी-स्टेटमध्ये, जात नाही. एरवी हँग होणारं मशीन त्या रात्री झालं नाही तर संशय बळावतो.

मूळ कारण असं: जुन्या आणि काही स्वस्त प्रोसेसरांमध्ये गाढ झोपेत कोअरचा स्वतःचा टायमर थांबतो आणि त्याला उठवण्याची जबाबदारी एचपीईटीसारख्या बाहेरच्या टायमरवर येते. बीआयओएसमध्ये किंवा चिपमध्ये चूक असेल तर ही हाक पोचतच नाही. 'प्रोक'मधल्या 'सीपीयू-इन्फो'त 'अरॅट' हा फ्लॅग असेल तर टायमर झोपेतही चालतो, असं प्रोसेसर सांगतो.

उपाय करताना क्रम पाळा. आधी बीआयओएस अद्ययावत करा. मग ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स बूट करणाऱ्या प्रोग्राममध्ये, 'प्रोसेसर डॉट मॅक्स अंडरस्कोर सीस्टेट' बरोबर १ द्या. इंटेलच्या मशीनवर बहुधा 'इंटेल अंडरस्कोर आयडल डॉट मॅक्स अंडरस्कोर सीस्टेट'च लागतो. वीज थोडी जास्त जाते, मशीन तापतं. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडखालच्या खोलीत सर्व्हर असेल तर तापमानावर लक्ष ठेवा. एका वेळी एकच पॅरामीटर बदला. दोन बदललेत तर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

४. मोजणी कुठून होतेय?

कर्नल ज्या घड्याळावरून मोजतं त्याला क्लॉकसोर्स म्हणतात. 'सिस'खाली डिव्हाइसेस, सिस्टम, क्लॉकसोर्स, क्लॉकसोर्स-शून्य अशा वाटेने जा. 'करंट अंडरस्कोर क्लॉकसोर्स' वाचा, मग 'अव्हेलेबल'वाली फाइल. भौतिक सर्व्हरवर बहुधा टीएससी हे घड्याळ दिसायला हवं. ते प्रोसेसरच्या आत असतं आणि वाचायला अतिशय जलद.

एचपीईटी किंवा एसीपीआय-पीएम हे प्रोसेसरबाहेरचं घड्याळ दिसलं तर 'डीमेसेज'मध्ये 'क्लॉकसोर्स' शब्द शोधा. टीएससी अनस्टेबल ठरवल्याचा संदेश सापडेल. कर्नलचा पहारेकरी अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने टीएससीची दुसऱ्या घड्याळाशी तुलना करतो आणि फरक मर्यादेबाहेर गेला की टीएससी काढून टाकतो. मग ते यादीतूनही जातं. त्यानंतर प्रत्येक "किती वाजले?"ला कर्नलपर्यंत जाऊन हळू यंत्र वाचावं लागतं. सेकंदाला लाखो वेळा वेळ विचारणारा डेटाबेस किंवा जावाचा प्रोग्राम यात गुदमरतो. मशीन पूर्ण अडकत नाही, पण वापरणाऱ्याला हँगच वाटतं. खूण अशी की 'एसट्रेस' (प्रोग्राम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारी आज्ञा) लावलं तर 'क्लॉक-गेट-टाइम'च्या ओळींचा पाऊस पडतो. टीएससी असताना त्या सहसा दिसतच नाहीत.

एसीपीआय-पीएमची अडचण वेगळी. तो २४ बिटांचा आणि सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झचा काउंटर आहे, म्हणजे दर ४.७ सेकंदांनी त्याची फेरी पूर्ण होते. मशीन त्याहून जास्त वेळ पूर्ण अडकलं तर मधल्या फेऱ्या हरवतात आणि तारीखही मागे पडते.

आता सापळा. टीएससी अनस्टेबल हा संदेश दिसला म्हणजे टीएससीच दोषी, असं नव्हे. दुसऱ्या कशाने मशीन अडकलं, पहारेकरी उशिरा पोचला, आणि त्याने टीएससीवर आळ घेतला, असं बरेचदा घडतं. संदेश हँगच्या आधीचा की नंतरचा ते बघा. इंटरनेटवर 'टीएससी बरोबर रिलायबल' हा पॅरामीटर सर्रास सुचवतात. तो पहारेकऱ्यालाच घरी पाठवतो. 'कॉन्स्टंट-टीएससी' आणि 'नॉनस्टॉप-टीएससी' हे दोन्ही फ्लॅग नसलेल्या मशीनवर तो लावू नका.

चालू मशीनवर क्लॉकसोर्स बदलून बघता येतो. 'करंट'च्या फाइलमध्ये रूटने 'एचपीईटी' लिहिलं की झालं, रीबूट लागत नाही. अडकणं थांबलं तर दिशा बरोबर आहे.

५. तारीख उडी मारते तेव्हा

आपल्याकडे सर्वांत जास्त प्रकरणं याच प्रकारची. पहिला पाऊस झाला, वीज गेली, यूपीएस संपला, की मदरबोर्डवरची बॅटरी उघडी पडते. मुख्य वीज असेपर्यंत तिच्याविना चालतं, त्यामुळे ती मेल्याचं कोणाला कळत नाही. वीज आल्यावर मशीन अनेक वर्षं मागची तारीख घेऊन उठतं. प्रमाणपत्रं "अजून वैध नाहीत" म्हणतात, कर्बेरॉस या ओळख तपासणाऱ्या व्यवस्थेचं लॉगिन पाच मिनिटांच्या फरकालाच नकार देतं, आणि काही मशीन बूट होतानाच "सुपरब्लॉकची माउंटची वेळ भविष्यातली आहे" म्हणून थांबतात. बॅटरी काढून मल्टिमीटरवर मोजा. तीन व्होल्टच्या बरीच खाली असेल तर बदला.

आणि बदलल्यावर जी चूक होते ती आमच्याकडे झाली, म्हणून सविस्तर सांगतो. बॅटरी बदलली, बीआयओएसमध्ये भिंतीवरच्या घड्याळात बघून ७ वाजून १० मिनिटं टाकली. लिनक्सने ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजून त्यात साडेपाच तास मिळवले. सर्व्हरवर दुपारचे १२:४० वाजले. यंत्रांची मोजमापं गोळा करणारी स्क्रिप्ट सुरू झाली आणि तिने स्वतःशी ठरवलं, पुढची फेरी १२:४१ ला. तेवढ्यात नेटवर्क आलं, क्रोनी या एनटीपीच्या प्रोग्रामने तारीख सकाळी ७:११ वर आणली. स्क्रिप्ट निमूटपणे १२:४१ ची वाट बघत बसली. प्रोसेस जिवंत, सीपीयू शून्य, एरर एकही नाही. सकाळभर आम्ही नेटवर्कची केबल तपासत होतो, आणि दुपारी पाऊण वाजायच्या आत ती आपोआप चालू झाली. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर आरटीसी (मदरबोर्डचं घड्याळ) आणि टाइमझोन सोडून दुसरीकडे बघूच नका.

म्हणून बीआयओएसमध्ये भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून टाका. 'टाइमडेटकंट्रोल' चालवा, 'आरटीसी टाइम' आणि 'युनिव्हर्सल टाइम' सारखे दिसले पाहिजेत. स्क्रिप्ट तुमची असेल तर थांबण्यासाठी तारीख नव्हे, मोनोटॉनिक घड्याळ वापरा.

एनटीपीसाठी क्रोनी घ्या आणि तीन गोष्टी तपासा.

पहिली, वेळ सांभाळणारी एकच सेवा चालू असावी. क्रोनी, जुनं एनटीपीडी आणि टाइमसिंकडी यांतल्या दोन चालू राहिल्या तर एक पुढे ओढते, एक मागे.

दुसरी, 'मेकस्टेप १.० ३' ही ओळ. फरक एका सेकंदाहून जास्त असेल तर पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरतीच उडी मारायची, नंतर हळूहळू. चालू डेटाबेसखाली तारीख मागे उडवणं धोक्याचं असतं. डवकॉट या मेल सर्व्हरच्या जुन्या आवृत्त्या वेळ मागे गेली की स्वतःला बंदच करून घ्यायच्या. उलट टोकही लक्षात ठेवा: एनटीपीडी हळू दुरुस्ती करताना एका सेकंदाला २००० सेकंद घेतं, आणि १००० सेकंदांहून मोठा फरक दिसला तर मुळात सोडूनच देतं. 'आरटीसीसिंक' ही ओळही असू द्या, म्हणजे मदरबोर्डचं घड्याळ आपोआप दुरुस्त होत राहतं.

तिसरी गोष्ट, सर्व्हर कोणते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार आपल्याकडच्या संस्थांनी एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून घ्यायचं आहे: 'समय१ डॉट एनआयसी डॉट इन', 'समय२ डॉट एनआयसी डॉट इन' आणि 'टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी'. फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ बाहेर जायला मोकळा हवा. 'क्रोनीसी सोर्सेस'मध्ये एका ओळीसमोर तारा दिसला की जुळलं.

६. व्हर्च्युअल मशीन असेल तर

स्नॅपशॉट घेताना किंवा यजमान (खऱ्या) मशीनवर ताण आला की त्यावरचं पाहुणं (व्हर्च्युअल) मशीन काही काळ चक्क थांबवलं जातं. जागं झाल्यावर ते "सॉफ्ट लॉकअप, सीपीयू २२ सेकंद अडकला" असा टाहो फोडतं. सेकंदांचा आकडा शेकड्यांत किंवा हजारांत असेल तर बहुधा मशीन थांबवलेलंच होतं. स्नॅपशॉट आणि बॅकअपच्या वेळा यजमानाकडून मागवा आणि वहीतल्या वेळांशी जुळवा. 'टॉप'मध्ये 'एसटी'चा आकडा सतत वर असेल तर यजमान तुम्हाला सीपीयूच देत नाहीये. केव्हीएमवर, म्हणजे लिनक्सच्याच व्हर्च्युअल मशीनच्या सोयीवर, क्लॉकसोर्स केव्हीएम-क्लॉक असू द्या, आणि तारीख यजमानाकडून घ्यायची की एनटीपीकडून ते एकदाच ठरवा. दोन्ही नको.

७. ठरावीक दिवसांनी अडकतं?

अडकण्याच्या क्षणी 'अपटाइम' किती होता ते लिहा. २०८ दिवस असतील तर २.६.३२ च्या काळातल्या काही कर्नलांमधली चूक असू शकते: सीपीयूच्या टिक्सचं नॅनोसेकंदांत रूपांतर करताना २०८.५ दिवसांनी गणित ओव्हरफ्लो व्हायचं. ४९.७ किंवा ४९७ दिवस असतील तर कोणी तरी ३२ बिटांच्या काउंटरमध्ये टिक्स मोजतंय, पहिल्यात सेकंदाला १००० आणि दुसऱ्यात १००. कारखान्यांत अशी जुनी मशीन अजून चालू आहेत. "दोन वर्षं हात लावलेला नाही" हे अभिमानाने सांगितलं जातं, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. उपाय कर्नल बदलणं. जमत नसेल तर त्याआधी ठरवून, दिवसाउजेडी रीबूट करा.

लीप सेकंदाचंही, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घड्याळात घातलेल्या जादा सेकंदाचंही, नाव ऐकाल. १ जुलै २०१२ ला पहाटे साडेपाचला जगभरातले अनेक लिनक्स सर्व्हर शंभर टक्के सीपीयू खात अडकले, आणि तारीख पुन्हा तीच सेट केल्यावर सुटले. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या अखेरीस आला. आज अडकलेल्या मशीनवर तो आळ घेऊ नका.

८. फ्रीबीएसडीवर

फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टम. तत्त्व तेच, नावं वेगळी. मोजणीसाठी 'कर्न डॉट टाइमकाउंटर', गजरासाठी 'कर्न डॉट इव्हेंटटायमर'. दोन्हीकडे 'चॉइस'मध्ये पर्याय आणि त्यांचे गुण दिसतात. ऋण गुणाचा पर्याय ते आपणहून निवडत नाही. 'व्हीएमस्टॅट मायनस आय'ने टायमरचे इंटरप्ट मोजा. 'कॅलक्रू: रनटाइम मागे गेला' असा संदेश येत असेल तर 'टाइमकाउंटर डॉट हार्डवेअर' बदलून बघा.

९. घड्याळ निर्दोष असतं तेव्हा

'स्लीप १' सगळ्या कोअरवर वेळेत परत येतं, तारीख आणि मोजणी जुळतात, आणि तरी "टास्क १२० सेकंदांहून जास्त अडकलं" असे संदेश येतात, तर डिस्क, रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं) किंवा एनएफएस (नेटवर्कवरून वापरलेली डिस्क) बघा. 'डब्ल्यू'च्या फोटोत अडकलेली कामं कशाची वाट बघताहेत ते लिहिलेलं असतं. घड्याळाच्या मागे लागून मरायला टेकलेली डिस्क विसरू नका. तिचा बॅकअप आधी.

बदल केल्यावर किती थांबायचं, हे नेहमी विचारतात. मी दोन हँगमधलं आजवरचं सर्वांत मोठं अंतर घेतो आणि त्याच्या तिप्पट थांबतो. आमच्या मशीनला ते अंतर नऊ दिवसांचं होतं, म्हणून सी-स्टेटचा पॅरामीटर लावून सत्तावीस दिवस मोजले. मग नवं बीआयओएस टाकलं, पॅरामीटर काढला, तीन नंबरच्या कोअरवर 'स्लीप १' चालवलं आणि पुन्हा सत्तावीस दिवस मोजायला घेतले. त्या सगळ्या तारखांची वही आजही सर्व्हरच्या कपाटात, वरच्या कप्प्यात आहे. रात्रपाळीच्या ऑपरेटरला तिची जागा माहीत आहे, आणि आता फोन करण्याआधी तो तिच्यात मोबाइलवरची वेळ लिहितो.